बसायला काही नव्हतं

४ मार्च

छोट्या,

'प्रिय' लिहिलं होतं, खोडलं. उगाच खोटं कशाला लिहू?

तुझा पेपरातला लेख वाचला. म्हणजे मी वाचायच्या आधी आमच्या लाँड्रीच्या मालकांनीच वाचून दाखवला, सगळ्यांना इस्त्र्या खाली ठेवायला लावून. मग तो कापून काचेच्या चौकटीत घातला आणि इस्त्रीच्या खोलीत दारासमोरच्या भिंतीवर टांगला. आता सकाळी आत पाऊल टाकलं की पहिलं दर्शन माझंच. वर मोठ्या अक्षरांत 'न थकणारी', आणि खाली मी, डोळे मिटलेले, तोंड जरासं उघडं. तुला त्या चेहऱ्यावर समाधान दिसलं म्हणे. ती डुलकी होती रे. मला उभ्या उभ्या डुलकी लागते. घोड्यांनाही लागते, पण त्यांच्यावर कुणी लेख लिहीत नाही.

फोन न करता पत्र का, असं वाटेल तुला. फोनवर मी रागाने दोन वाक्यं बोलते आणि तू म्हणतोस, "वा ताई, काय बोललीस! थांब, टिपून घेतो." मग माझ्या रागाचं काय करायचं तेच मला कळत नाही. कागदावर निदान तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

आई गेल्यापासून तू या घराचा उंबरा ओलांडला नव्हतास. त्या दुपारी अचानक दारात उभा राहिलास, थेट माझ्या कामावर, आणि मी अशी हरखले की इस्त्री चादरीवरच विसरणार होते. शेजारच्या टेबलावरच्या चिमणीला म्हटलं, "बघ, माझा भाऊ!" ती बिचारी केस सारखे करायला लागली. मला वाटलं, तू मला भेटायला आलास. तू विषय शोधायला आला होतास.

आमच्या खोलीत कायम वाफ असते. भिंतींना पाणी सुटतं, रंगाचे पोपडे निघतात, कोपऱ्यात इस्पितळातून आलेल्या चादरींचे गठ्ठे असतात. धुतलेले असले तरी त्यांचा वास जात नाही. तू सगळा वेळ नाकाला रुमाल लावून उभा होतास. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आणि लेखात काय लिहिलंस? 'त्या घामाला कष्टांचा सुगंध होता.' छोट्या, घामाला घामाचाच वास येतो. तुला आलाही होता.

आणि तो एक पाय. 'एक पाय उचलून, डोळे मिटून, जणू कामाची उपासना करणारी माझी ताई.' त्याला आम्ही बगळा म्हणतो. दिवसभर उभं राहून पोटऱ्यांत गोळे येतात, मग कंबर टेबलाच्या कडेला टेकायची, एक पाय उचलून दुसऱ्या पायाच्या घोट्यावर ठेवायचा आणि थोड्या वेळाने पाय बदलायचा. नवीन मुलगी आली की पहिल्या दिवशी आम्ही तिला इस्त्री शिकवत नाही, बगळा शिकवतो. तू चिमणीला एका शब्दाने विचारलं असतंस तरी तिने करून दाखवला असता. पण विचारलं असतंस तर लेख झाला नसता.

मी का उभी होते, सांगू? कारण बसायला काही नव्हतं.

आता मुद्द्याचं. थंडी सुरू झाल्यापासून आम्ही सगळ्या मालकांच्या मागे लागलो होतो, प्रत्येक टेबलाशी एक उंच स्टूल द्या म्हणून. मोठ्या चादरींना उभं राहावं लागतं, कबूल. पण अभ्रे, रुमाल, वेटरांच्या कोटांच्या बाह्या, हे सगळं बसून होतं. मालक आढेवेढे घेत घेत वाकले होते. सुतार येऊन टेबलांची उंची मोजून गेला होता! सगळ्यांत जास्त गरज आहे अक्कांना. शेवटच्या टेबलावरच्या, पांढऱ्या केसांच्या. तू त्यांना "जरा बाजूला होता का, फोटोत येताय" म्हणालास, त्याच. त्यांच्या घोट्याच्या वर जखम आहे, ती भरतच नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, बसून काम करा, नाहीतर पाय गमवाल. काम सोडणं त्यांना परवडणारं नाही, आणि मालक बसू देत नाहीत.

लेख आला त्याच दिवशी सुताराला नको म्हणून निरोप गेला. अक्का विचारायला गेल्या तर मालकांनी चौकटीकडे बोट केलं. "अहो, हिच्याकडे बघा. हिने कधी तक्रार केली का? छापून आलंय."

मी तिथेच उभी होते. म्हटलं, "मालक, स्टुलं मागणाऱ्यांत सगळ्यांत पुढे मीच होते."

तर हसले. "तो तुझा मोठेपणा. दुसऱ्यांसाठी मागतेस तू. भावाने बरोबर ओळखलंय."

तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्याच तोंडावर माझाच फोटो.

माझं एकच मागणं आहे. पुढच्या लेखात एक ओळ लिही, कुठेही, अगदी तळाशी लिहिलीस तरी चालेल. 'तिथे बसायला काही नव्हतं, म्हणून ती उभी होती.' दुसरं काही नको. तेवढी ओळ आली की मी तीही कापून चौकटीत घालीन.

ताई


१९ मार्च

छोट्या,

तू माझं पत्र छापलंस.

आजचा पेपर चिमणीने आणून दाखवला. तिला वाटलं मी खूश होईन. 'ताईचं पत्र', असं वर, आणि खाली माझी वाक्यं, शेंडा-बुडखा उडवलेली. 'दिवसभर उभं राहून' इथवर माझं, पोटऱ्यांतले गोळे गायब. 'नवीन मुलगी आली की आम्ही तिला शिकवतो-सांभाळतो', हे मी कधी लिहिलं? आणि शेवटी, 'दुसरं काही नको.' तेवढंच! मी स्टुलं मागितली होती, तू मला संत करून मोकळा झालास.

मला तुझी शिसारी आली, छोट्या. हा शब्द मी विचार करून वापरतेय. लहानपणी तू ताटातलं आवडीचं वेचून खायचास आणि बाकीचं माझ्या ताटात सरकवायचास, तेव्हा आई हसायची, मीही हसायचे. तू अजून तेच करतोस. फक्त आता ताटात माणसं आहेत.

तुझ्या कृपेने आता आमच्याकडे पाहुणे येतात. परवा एका शाळेच्या बाई आल्या, सोबत दोन पुढारी छापाचे गृहस्थ. मालक त्यांना दारातून हात पसरून दाखवत होते, जसं दुकानदार माल दाखवतो. बाईंनी माझा हात हातात घेतला, दोन्ही हातांनी दाबला, डोळ्यांत पाणी आणलं. "तुमच्यामुळे मला जगायला बळ मिळतं हो." मी म्हटलं, "बाई, माझा हात सोडता का, चादर जळतेय." त्यांना तेही फार आवडलं. कामावर केवढी निष्ठा म्हणे! नंतर दाराबाहेर त्यांनी पर्समधून बाटली काढून हात पुसले. खिडकीतून दिसलं मला.

मग त्यातले एक गृहस्थ म्हणाले, "ते एका पायावरचं बघायला मिळेल का?"

मालक माझ्याकडे बघायला लागले. मी काही हलले नाही. तेव्हा त्यांनी अक्कांना खूण केली. आणि अक्कांनी केला बगळा. करून दाखवला, छोट्या. दुखरा पाय वर, आणि टाळ्या. त्या माणसाने त्यांचाही फोटो काढला. अक्का लाजून हसत होत्या. मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

त्यांची जखम आता वास मारते. पट्टी बदलायला त्या मागच्या मोरीत जातात आणि येताना तोंड धुऊन येतात, म्हणजे रडलेलं कळू नये. आम्ही सगळ्या त्यांचे अभ्रे आपापसांत वाटून घेतो, त्यांच्याकडे रुमाल देतो. रुमालही उभं राहूनच करावे लागतात.

मालक माझा सत्कार करणार आहेत, पुढच्या महिन्यात, आणि प्रमुख पाहुणा तू. तू होकार कळवलास असं त्यांच्याच तोंडून समजलं. निदान बहिणीला आधी सांगायची रीत असते.

हे पत्र छापायची हिंमत असेल तर अख्खं छाप.

ताई


२ एप्रिल

छोट्या,

तुझं पत्र पोचलं. इतक्या वर्षांत तुझ्या हातचं पहिलं. अक्षर अजून तसंच, उजवीकडे घसरणारं. आईला वाटायचं तुझी वही कुणीतरी तिरकी धरली आहे.

'ताई, मी चुकलो. मी मालकांशी बोललोय. स्टुलाचं काम होणार, शब्द देतो. सत्काराच्या दिवशी बघच तू.' हे वाक्य मी अक्कांना वाचून दाखवलं. त्यांनी परत वाचायला लावलं. मग चिमणीला बोलावून तिलाही ऐकवायला लावलं. अक्कांचं लगेच सुरू झालं, स्टुलाला पाठ असेल की नुसतीच बैठक असेल, लोखंडी असलं तर वाफेने गंजेल, लाकडीच बरं. चिमणी म्हणाली, "अक्का, तुम्ही बसल्यावर झोपाल." तर म्हणाल्या, "झोपले तर खुशाल झोपू द्या गं."

म्हणून थोडं बरं बोलते तुझ्याशी.

तुझा पहिला लेख मी घरी आणून पुन्हा वाचला होता, दार लावून. त्यातला सुरुवातीचा भाग, जिथे तू लिहिलंस की ताई मला शाळेत सोडायला यायची आणि फाटकाशी मी दिसेनासा होईपर्यंत थांबायची. ते खरं आहे. ते वाचताना मला चांगलं वाटलं. माझ्याबद्दल कुणी काही लक्षात ठेवलंय याचंच मोठं वाटलं. पुढे तू सगळ्याची माती केलीस ती गोष्ट वेगळी. पण तेवढं तू पाहिलं होतंस, आणि तेवढंच लिहिलं असतंस तर मी स्वतः चौकट आणून लावली असती.

सत्काराला ये. घरीच उतर, हॉटेलात नको. तिथल्या चादरी कशा असतात ते मला विचार.

स्टेजवर फार बोलू नकोस. त्या एका ओळीचं लक्षात ठेव.

ताई


१५ एप्रिल

छोट्या,

तू हॉटेलातच उतरलास. तुझा कोट आमच्याकडेच आला इस्त्रीला, खिशावर हॉटेलच्या खोलीची चिठ्ठी लावलेली. मी ओळखला. मीच केला. चांगला केला, कारण माझा तुझ्यावर विश्वास होता. आज आला तर इस्त्री छातीवर ठेवून चहा प्यायला जाईन.

सत्काराच्या दिवशी तुझ्याशी बोलायला मिळालं नाही. हार, फोटो, आणि लगेच तुझी गाडी. म्हणून आता लिहिते, म्हणजे तुला कळेल की तू आमचं काय करून गेलास.

पडदा बाजूला केला आणि त्याच्यामागे एक स्टूल होतं. एक. लाल गादीचं, फीत बांधलेलं, पाठीवर पितळेची पट्टी, तिच्यावर कोरलेलं 'न थकणारी ताई'. मी पडद्यामागे आणखी बघत राहिले. वाटलं, बाकीची मागे रचून ठेवली असतील. तू माईकवर म्हणालास, "माझ्या ताईने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं, आणि मालकांनी ते दिलं." लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी स्वतःसाठी मागितलं होतं होय रे? माझं पत्र तुला एवढंच कळलं?

आणि त्यावर मालकांचं भाषण. "बाकीच्यांनीही असंच मन लावून काम करावं. ज्या लायक ठरतील त्यांना दरवर्षी एक मिळेल." तू शेजारी मान डोलवत होतास.

आमच्या बायका मागच्या रांगेत होत्या. कुणी काही बोललं नाही. तुला ती शांतता कदाचित भारावलेली वाटली असेल.

दुसऱ्या दिवशी स्टूल माझ्या टेबलाशी ठेवलेलं होतं. मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले. दुपारी ते अक्कांकडे नेऊन ठेवलं. मालक आलेच. "हे बक्षीस आहे, सतरंजी नव्हे, कुणीही बसायला. त्यांनी त्यांचं मिळवावं." अक्कांना उठवलं त्यांनी. टेकल्या असतील नसतील तेवढ्यात. म्हाताऱ्या बाईला दंडाला धरून उठवलं.

स्टूल परत माझ्याकडे. आणि मला अक्का काय म्हणाल्या? भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "तू तरी बस गं. नुसतं का ठेवतेस."

मी बसले. पाठीतून जे काही सैल झालं ना, छोट्या, इतकं बरं वाटलं, की मला माझीच किळस आली. सगळ्या उभ्या आणि मी लाल गादीवर. चिमणी रोज माझ्याशी बडबडते, त्या दिवशी तिने मान वर केली नाही.

आणि आता जे चाललंय ते तर बघवत नाही. अक्कांनी बगळा सोडला. मालकांच्या खोलीचं दार वाजलं की दोन्ही पायांवर ताठ उभ्या राहतात, अगदी चौकटीखाली, म्हणजे दिसाव्यात. हसतातही. मी म्हटलं, "अक्का, हे काय चालवलंय?" तर हळूच म्हणाल्या, "पुढच्या वर्षीचं मला मिळालं तर बरं गं." बसायला मिळावं म्हणून ती बाई उभी राहतेय! आपसात अभ्रे वाटून घ्यायचंही बंद झालं. जिचं काम जास्त तिला स्टूल, मग कोण कुणाचा हात हलका करणार? आमच्या खोलीत गरिबी होती, वाफ होती, पण हे नव्हतं. हे तू आणलंस.

तू जाताना माझ्या कानात म्हणालास, "झालं ना तुझ्या मनासारखं?" त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. म्हणून हे पत्र.

ताई


६ मे

छोट्या,

अक्का इस्पितळात आहेत. गेल्या आठवड्यात टेबलाशीच कोसळल्या. चपलेत रक्त साचलं होतं, आणि त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं, कारण मालक दिवसभर खोलीत फेऱ्या मारत होते. पाय राहणार की जाणार ते डॉक्टर अजून सांगत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मालकांनी आम्हाला गोळा केलं. गळा दाटून आल्यासारखा आवाज काढला. "अक्का म्हणजे आदर्श. शेवटपर्यंत उभ्या राहिल्या."

चिमणी म्हणाली, "शेवटपर्यंत काय? त्या जिवंत आहेत."

आणि ती पोरगी गेली आणि चादरींच्या गठ्ठ्यावर बसली. इस्पितळाच्या, कोपऱ्यातल्या. मग दुसरी बसली. मी ते लाल धूड उचलून दाराबाहेर ठेवलं आणि चिमणीशेजारी जाऊन बसले. गठ्ठा ओला होता, वास यायचा तो आलाच.

मालक ओरडले, "अगं, चादरी चुरगळतील!"

मी म्हटलं, "मग पुन्हा करू इस्त्री. बसून."

तेव्हापासून आम्ही गठ्ठे टेबलांशी ओढून त्यांच्यावर बसूनच काम करतो. चादरींना उभ्या राहतो, बाकीच्याला बसतो. काम तेवढंच होतं. मालक अजून आम्हाला काढू शकलेले नाहीत, कारण हॉटेलवाले कपड्यांच्या तगाद्याला रोज दारात माणसं पाठवतात. पण नव्या मुलींची चौकशी सुरू केलीय त्यांनी. स्टुलं करतील किंवा आम्हाला हाकलतील, दोन्हींतलं काहीतरी लवकरच होईल. ती चौकट अजून भिंतीवर आहे आणि ते अजूनही तिच्याकडेच बोट दाखवतात. म्हणून ती ओळ मला अजून हवीय. आधी मागत होते, त्याहून जास्त हवीय.

आणि अशात तुझी चिठ्ठी. 'अक्कांबद्दल ऐकून हेलावलो. त्यांच्यावर लिहायचंय. माहिती पाठव. फोटो असेल तर चेहऱ्याचा पाठव, पायाचा नको.'

मी ती चुरगळून टाकली. मग उचलली, परत वाचली, परत चुरगळली. गिधाडंसुद्धा माणूस मरायची वाट बघतात रे. अक्कांना हे कळूच द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण चिमणीच्या पोटात काही राहत नाही. काल मी इस्पितळात गेले तर अक्का उशीला टेकून माझीच वाट बघत होत्या. केस विंचरलेले.

"तुझा भाऊ माझ्यावर लिहिणार म्हणे?"

मी म्हटलं, "अक्का, जाऊ द्या. तो खोटं लिहितो."

"मग तू खरं सांग त्याला."

"तो खरं छापत नाही."

"अगं, पण माझ्यावर आजवर कुणी काही लिहिलंय का? या खाटेला लावलेला कागद सोडला तर? लिहू दे की." आणि माझा हात धरला. "मी सांगते, तू उतरून घे. जसंच्या तसं."

मी तिथे उभी होते आणि माझा संताप कुठे ठेवावा ते मला समजेना. ज्याची मला इतकी घाण वाटते तेच त्या बाईला हवं होतं, आणि त्यात तिचं काहीही चुकत नव्हतं. माणसाला वाटतंच, कुणी आपली गोष्ट सांगावी. मलाही वाटलं होतं, दार लावून वाचताना. त्या इच्छेवर तुझं दुकान चालतं हे मला माफ करता येत नाही. पण ती इच्छा काही घाण नाही, हे काल कळलं.

तेव्हा माहिती पाठवतेय. शब्द अक्कांचे, अक्षर माझं. छापायचं तर पहिल्यापासून शेवटपर्यंत छाप. छापलंस, तर घरी ये, जेवायला वाढीन, मागचं काही काढणार नाही. गाळलंस किंवा मध्ये सुगंध घातलास, तर हे माझं शेवटचं पत्र. धमकी देत नाही, माझ्या अंगात आता तुला पत्रं लिहायचं त्राण नाही.

अक्का सांगतात:

"मला कष्ट करायला आवडत नाहीत. कधीच आवडले नाहीत. करावे लागले, केले. कुणी म्हणालं असतं करू नका, तर मी त्याच दिवशी सोडले असते.

मला बसायला आवडतं. लहानपणी आई म्हणायची, ही पोरगी जिथे बसेल तिथे रुजेल. लग्न झालं आणि बसणं संपलं. घरात खुर्च्या दोन, माणसं सात. मुलगी झाली तेव्हा तेवढी आडवी झाले.

कामावरून घरी जाताना बसमध्ये कधी जागा मिळाली, तर मी माझ्या थांब्यावर उतरायचेच नाही. पुढच्या थांब्यापर्यंत बसून जायचे आणि मग चालत मागे यायचे. पाय जास्तच दुखायचे. पण बसणं झालेलं असायचं. हे मी घरी कुणाला सांगितलेलं नाही, हसतील.

ताईच्या त्या लाल स्टुलावर मी बसले होते. पुरतं टेकायच्या आत उठवलं. चांगलं होतं. गादी मऊ होती.

या खाटेवर आता दिवसभर बसायला मिळतं, पण हे बसणं नव्हे. बसणं म्हणजे उठता येत असताना बसणं.

माझ्यावरून कुणी काही शिकावं असं मला वाटत नाही. माझ्यासारखं उभं राहू नये. झालं, एवढंच. आणखी काय लिहितेस? अगं, तू मघापासून उभीच आहेस, मी बोलत सुटलेय आणि तू आपली उभी. थांब, मी पाय सरकवते. इथे बस."

हे शेवटचंही छाप.

ताई